बारकीची दृष्ट

आईनं चरवी माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, “बघ. ह्याला दूध म्हणायचं का?”

चरवीच्या तळाशी चहापुरतंही दूध नव्हतं. बारकी पान्हा चोरत होती. बारकी म्हणजे आमची म्हैस. अंगानं टेम्पोएवढी, पण तिच्या आधीची थोरली म्हैस गोठ्यात असताना पडलेलं नाव तसंच राहिलं होतं. थोरली जाऊन दोन-चार वर्षं झाली, तरी ही आपली बारकीच.

“आंबोण कमी पडत असेल,” मी म्हटलं.

“आंबोण? सरकी, पेंड, भुस्सा, काय कमी केलंय तिला? तुझ्या सासरी माणसाला मिळत नसंल एवढं खातीया.” आईनं चरवी खाली आपटली. “नजर लागलीया. आज दिवेलागणीला दृष्ट काढतो तिची.”

आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा स्वतःबद्दल ‘काढतो, करतो’ असंच बोलतात. त्यातून आई रागावली की पैलवानासारखी बोलायची. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आले होते आणि आल्यापासून मला एकच काम होतं, बसून खायचं. अशा माणसानं मतं मांडायची नसतात.

बुधवार पेठेतलं आमचं घर म्हणजे पुढं तीन खोल्या, मागं फरशीचं अंगण आणि अंगणाच्या पलीकडं कौलारू गोठा. गोठ्याच्या मधोमध छातीएवढ्या उंचीचा पत्रा उभा केलेला. पत्र्याच्या एका बाजूला बारकी. दुसऱ्या बाजूला, जिथं पूर्वी थोरली बांधायचे तिथं, अण्णांचं लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र.

अण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात आयुष्यभर टर्नर होते. लोखंडाचा तुकडा यंत्रावर फिरवून केसभरही इकडंतिकडं न होता गोल करायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाले आणि त्यांचं बोलणंच बंद झालं. रुसवा नव्हे, राग नव्हे. सकाळी पेपर उघडायचे, तो दुपारपर्यंत त्याच पानावर असायचा. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तरी विचारायचे नाहीत. आई मला फोनवर म्हणायची, “घरात पाव्हणा आल्यागत वाटतंय गं. त्यो बी मुका.”

मग कधीतरी त्यांनी पिठाच्या गिरणीची एक जुनी मोटर आणली. लोखंडी अँगल जोडून, जुन्या कानशी घासून त्यांच्या पटाश्या करून, गोठ्यात लाकूड कातायचं लेथ उभं केलं. पाडलेल्या घरांच्या चौकटींचं सागवान आणायचे आणि त्याच्या वाट्या, लाटणी, पोळपाटाचे पाय कातून काढायचे. पहिलं लाटणं झालं त्या रात्री जेवताना ते म्हणे आईला म्हणाले, “लोखंडाला सांगावं लागतं. लाकडाला इचारावं लागतंय.” आईनं हे वाक्य मला फोनवर तीनदा ऐकवलं. वाक्यात काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. म्हातारा बोलायला लागला होता.

आता ते माझ्या बाळासाठी पाळणा करत होते. पाळण्याचे कातीव दांडे एकेक करून भिंतीशी उभे राहत होते.

जुन्या सागवानाला चिरा असतात. त्या भरायला अण्णांनी एक युक्ती शोधली होती. चिरेत बारीक भुसा दाबायचा आणि वरून पातळ इन्स्टंट ग्लूचे थेंब सोडायचे. भुश्याला ग्लू लागला की फस्स करून पांढरा धूर निघायचा आणि बघता बघता चीर दगडासारखी घट्ट. त्या धुरानं डोळ्यांतून पाणी यायचं, घशात ओरखडा उठायचा. लोखंडाच्या कामानं अण्णांना तोंड जॉबच्या, म्हणजे यंत्रावरच्या तुकड्याच्या, अगदी जवळ नेऊन बघायची सवय लागलेली. त्यामुळं पहिला धूर त्यांच्याच नाकात.

“फेविकॉल लावा की,” मी एकदा म्हटलं.

“त्याला रात्र लागती. रात्रभर लाकूड आवळून बसायचं व्हय?” ते हसले. “आणि धुराचं काय एवढं. पाठीमागनं टेबल फॅन सोडलाय. धूर गेला पलीकडं.”

पलीकडं म्हणजे कुठं, ते कुणी विचारलं नाही.

मी माहेरी आले त्याच दिवशी अण्णांनी आणखी एक काम केलं होतं. लेथच्या आवाजाचा, भुश्याचा मला त्रास नको म्हणून गोठ्याच्या भिंतींतल्या सगळ्या जाळ्यांत पोती कोंबली. खिडकीला प्लायवूड ठोकलं. थोरलीच्या वेळची जमिनीलगतची मोरी होती, तिच्यातून भुसा बाहेर उडतो म्हणून तीही विटा लावून बुजवली. दार ओढून घेऊन आत काम करायचे. मला घरात बसून फक्त एक गुणगुण ऐकू यायची.

टर्नरच्या घरात वाढलेल्या पोरीला ती गुणगुण वाचता येते. पटाशी लाकडाला लागली की आवाज जड होतो, खर्जात उतरतो. पटाशी काढली की मोटर मोकळी होते आणि आवाज वर चढतो. लेथ भरलेलं आहे की रिकामं, ते डोळे मिटून कळतं. आणि मला कळत होतं की अलीकडं दुपारी ते बराच वेळ रिकामं फिरतंय.

“अण्णा, मशीन नुसतंच चालू असतं का हो?” मी विचारलं.

“पट्टा सैल पडलाय. बघत असतोय,” ते म्हणाले.

मला ते पटलं. पट्टे सैल पडतातच.

दिवेलागणीला आईनं दृष्टीची तयारी केली. सुपात मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या. मिरच्या बघून मला हसू आलं. एवढ्या मिरच्यांत अख्ख्या पेठेची दृष्ट निघाली असती.

“चटणी करायची हाय का?” मी म्हटलं.

“तू दारात थांब. आत येऊ नको. पण बघत ऱ्हा.”

“मी कशाला?”

“पहिलटकरणीनं बघितलं की दृष्ट लवकर उतरती.”

असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण आईच्या पोतडीत अशा गोष्टी पुष्कळ असायच्या. तिनं बारकीला सोडून अंगणात आणलं, खांबाला बांधलं, तिच्यावरून सूप उतरवलं, आल्यागेल्याची, भुताखेताची, शेजारणीची म्हणून जी काय नावं घ्यायची ती घेतली. मग घमेल्यात फुललेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, घेऊन ती गोठ्यात निघाली.

“अगं, इथंच अंगणात टाक की मिरच्या,” मी म्हटलं. “आत अण्णा काम करतायत.”

“गोठ्याची बी निघू दे की. त्यास्नी कशाला उठवायचं?”

दृष्टीचा नियम असा, की मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या आणि कुणालाच ठसका आला नाही, तर नजर लागली होती असं समजायचं. ठसका आला तर नजर बिजर काही नाही. आईनं घमेलं बारकीच्या जागी ठेवलं, मूठ उघडली आणि नाकाला पदर लावून चटकन बाहेर आली.

ठसका आला. कसला आला म्हणून सांगू. मी दाराबाहेर होते तरी डोळे चुरचुरले. पत्र्याच्या पलीकडून अण्णांचा खोकला ऐकू आला आणि मागोमाग ते स्वतः बाहेर आले. वाकलेले, एक हात छातीवर. धुण्याच्या दगडावर बसले. माझा खोकला थांबला, आईचा थांबला. बारकीनं नाक फुरफुरवलं आणि ती कडबा खायला लागली. अण्णांचा खोकला थांबेना. मिरच्यांचा धूर विरून गेला, घमेलं विझलं, तरी ते खोकतच होते. प्रत्येक श्वासाला छातीतून शीळ वाजत होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माणूस कामावरून नव्हे, नदीतून काढल्यासारखा भिजला होता.

आणि त्यांच्या पाठीमागं, उघड्या दारातून, लेथ फिरताना ऐकू येत होतं. रिकामं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पट्टा सैल नव्हता. खोकला आला की अण्णा पटाशी बाजूला ठेवायचे आणि यंत्र चालू ठेवून त्या आवाजाआड खोकायचे. घरात बसलेल्या आम्हा दोघींना ऐकू जाऊ नये म्हणून.

आई कोमट पाणी घेऊन आली. तिच्या तोंडावर घाबरल्याचं काही चिन्ह नव्हतं, याचं मला त्या वेळीही नवल वाटलं. तिनं त्यांना घोट घोट पाणी पाजलं आणि म्हणाली, “नजर न्हाई म्हणायची. ठसका आला.” मग माझ्याकडं बघून, “उद्या ह्यास्नी डॉक्टरकडं घेऊन जा. माझं ऐकायचं न्हाईत, तुझं ऐकतील.”

डॉक्टरांनी छाती तपासली, कामाची चौकशी केली, आणि ग्लूचं नाव निघताच मान हलवली. म्हणाले, “आजोबा, त्या वाफेनं तुमची छाती हळवी झालीय. असंच चाललं तर जिना चढणंही जड जाईल. बंद खोलीत हे काम अजिबात नको. एक तर तिथली हवा खेळती करा आणि ग्लू कमी करा, नाहीतर मशीन बंद.”

यातलं अण्णांनी शेवटचं तेवढं ऐकलं. घरी आले, गोठ्यात गेले आणि मोटरवरचा पट्टा काढून खिळ्याला अडकवला. पाळण्याचे तीन दांडे झाले होते, चौथा यंत्रावर अर्धा तसाच राहिला. त्या दिवसापासून पेपर पुन्हा एकाच पानावर राहायला लागला. मी माहेरी आल्यापासून रोज रात्री जेवताना ते मला लाकडाच्या गोष्टी सांगत होते. कुठल्या झाडाचा गाभा कसा वळतो, कुठल्या चौकटीत कुणाचं नाव कोरलेलं सापडलं. ते सगळं एका दिवसात थांबलं. मी मुद्दाम काहीबाही विचारायची. ते “हं” म्हणायचे.

थोड्या दिवसांनी आई सकाळी चरवी घेऊन आली. चरवी काठोकाठ भरली होती, वर फेस. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“पान्हा सोडला बारकीनं,” ती म्हणाली.

मी चरवीकडं बघितलं, मग अण्णांकडं. तिघांच्याही मनात एकच गोष्ट आली असणार. लेथ बंद झालं आणि म्हैस दूध द्यायला लागली. टेबल फॅननं ‘पलीकडं’ गेलेला धूर पत्र्यावरून बारकीच्या नाकात जात होता. बिचारीला बोलता येत नव्हतं, तिनं दूध चोरून सांगितलं.

“म्हंजे माझ्यापायी जनावरालाबी तरास झाला,” अण्णा म्हणाले. कित्येक दिवसांनी ते एवढं लांब वाक्य बोलले होते, आणि तेही असलं.

“मग डॉक्टर म्हणाले तसं करा,” मी म्हटलं. “हवा खेळती करा. ती पोती काढा जाळ्यांतली.”

“न्हाई. आवाज येईल तुला. भुसा येईल घरात.”

“मी काय काचेची हाय?” रागात माझीही भाषा पेठेची झाली. “माझ्यासाठी म्हणून तुम्ही स्वतःला कोंडून घेतलंत, आणि आता माझ्यासाठी म्हणून मुके होऊन बसताय. असलं असेल तर मला इथं बाळंत व्हायचं नाही. मी आजच सासरी जाते.”

आत जाऊन मी खरोखरच बॅग काढली. सात महिन्यांचं पोट घेऊन बॅगेत साड्या कोंबणं सोपं नसतं, पण रागाच्या भरात जमतं. मागून आईचा आवाज आला, “जाऊ दे तिला. अवो, तुम्ही बी जावा तिच्यासंगं. दोघं मिळून रुसा तिकडं. मी आणि बारकी बघतो हिकडचं.”

आणि ती गोठ्याकडं गेली. थोड्या वेळानं तिकडून धप्प असा आवाज आला. मी साडी हातात घेऊन अंगणात आले. आई स्टुलावर चढली होती आणि खुरप्यानं जाळीतलं पोतं ओढून काढत होती. एक पोतं निघालं, त्याबरोबर चिमण्यांचं जुनं घरटं आणि शेरभर धूळ तिच्या डोक्यावर पडली. ती तशीच दुसऱ्या जाळीला भिडली. मग खाली उतरून मोरीच्या विटा खुरप्यानं उचकटायला लागली.

अण्णा ओसरीवरून बघत होते. त्यांचा जीव राहीना. चुकीच्या हत्यारानं केलेलं काम त्यांना बघवायचंच नाही.

“अगं, खुरप्यानं वीट निघती व्हय?” ते उठले. “छिन्नी घे. सर. सर बाजूला, मी काढतो.”

मी आत जाऊन बॅगेतल्या साड्या परत काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी जुन्या बाजारातून एक एक्झॉस्ट फॅन आणला. दाराच्या वरच्या जाळीत जागा आयती होती, तिथं बसवला. बटण दाबलं, पंखा झकास फिरला. मी म्हटलं, झालं काम.

“थांबा,” आई म्हणाली. “धुरी करून बघू.”

धुरी आमच्याकडं रोजचीच. डासांसाठी संध्याकाळी गोठ्यात शेणीवर कडुनिंबाचा पाला टाकायचा. आईनं ती त्या दिवशी भर दुपारी केली, आणि घमेलं नेऊन थेट लेथवर ठेवलं. मी अंगणात, खिडकीच्या बाजूला उभी होते. प्लायवूड निघालेल्या खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. कौलांत एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा एक जाड पट्टा तिरपा खाली उतरला होता, बरोबर लेथवर.

धूर निघाला. पंखा घरघरत होता. दाराजवळचा थोडा धूर लगबगीनं वर जाऊन बाहेर पडला. पण लेथवरचा धूर? तो तिथंच. उन्हाच्या पट्ट्यात तो दाटत गेला, अण्णांच्या तोंडाच्या उंचीला येऊन थांबला आणि ढिम्म हलेना. मग हळूच पत्र्यावरून ओघळला आणि बारकीच्या बाजूला गेला. बारकीनं फुस्स करून तोंड फिरवलं.

आम्ही तिघंही बघत राहिलो. पंखा चालू होता, आवाज करत होता, आणि जिथं पाहिजे तिथं त्याचा काडीचा उपयोग नव्हता. अण्णा एकदा दाराकडं, एकदा पंख्याकडं, एकदा धुराकडं बघत होते. कारखान्यात बिघडलेल्या यंत्रासमोर ते असे उभे राहायचे. मी लहानपणी डबा घेऊन जायची तेव्हा बघितलं होतं.

“फॅन दारातलीच हवा खातोय,” ते म्हणाले. “दारातनं येती, वरनं जाती. आतपर्यंत पोचतच न्हाई. जॉब हिकडं तापतोय आणि गार करायचं पाणी तिकडं सोडल्यागत झालं.”

“मग?” आई म्हणाली.

ते खाली बसले. लेथच्या पलीकडं, भिंतीच्या तळाशी, कालच मोकळी केलेली मोरी होती. तिच्यातून मागच्या परड्यातलं ऊन दिसत होतं. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. “दार माझ्या पाठीशी. काम मधी. आणि हे तिकडं, सगळ्यात खाली,” ते स्वतःशीच म्हणाले. “हवेनं माझ्याकडनं कामाकडं जायला पाहिजे. कामाकडनं माझ्याकडं न्हवं.”

मोरीच्या वरच्या दोन विटा काढून त्यांनी पंखा तिथं बसवेपर्यंत ऊन थोडं सरकलं होतं, पण पट्टा अजून लेथवर होता. आईनं घमेल्यात नवा पाला टाकला. आता पंखा धूर दाराकडं ओढणार नव्हता, म्हणून मी दारातच उभी राहिले. अण्णा लेथसमोर, नेहमीच्या जागी, माझ्याकडं पाठ करून. गोठा धुरानं भरू दिला. इतका भरला, की अण्णा मला सावलीसारखे दिसायला लागले. ते नाकाला पंचा धरून उभे होते.

“सोड,” ते म्हणाले. आईनं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग माझा पदर हलला. अंगणातून नव्हे, आतून कुणी ओढल्यासारखा. माझ्या मानेवरून, हातांवरून, पोटावरून गार हवा आत निघाली होती. आणि समोर, उन्हाच्या त्या पट्ट्यात, धूर हलला. एकदम नाही. पंगतीतली माणसं उठायच्या वेळी आधी एक उठतो, मग दोघं, मग सगळी रांग उठते, तसा. कोपऱ्यातला धूर हलला, कौलांखालचा हलला, पत्र्यावर रेंगाळलेला मागं फिरला. सगळा एकाच दिशेला वाकला आणि चालायला लागला. अण्णांच्या डाव्या खांद्यावरून गेला, उजव्या खांद्यावरून गेला, पुढं जाऊन पुन्हा एक झाला, लेथवरून वाहत खाली उतरला आणि त्या मोरीत जाऊन नाहीसा झाला. वाहतं पाणी बघावं तसं आम्ही ते बघत होतो. मला आठवतं, मी दाराची चौकट घट्ट धरली होती.

वारा म्हणजे अंगाला लागतो तो, एवढंच मला माहीत होतं. जन्मभर ज्याच्यात वावरलो, जो क्षणोक्षणी आत घेतला, बाहेर सोडला, तो त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसला. त्याला वाट होती, वळण होतं, अडून बसणं होतं, आणि वाट मोकळी केली तर शहाण्यासारखं निघून जाणं होतं. पोटातलं बाळ तेव्हाच हललं. ते आपलं नेहमीचं हललं असेल, पण मला वाटलं त्यालाही दिसलं. मला रडू येत होतं आणि का ते सांगता आलं नसतं.

बघता बघता अण्णांची पाठ स्पष्ट झाली, मग केस, मग भिंतीवरच्या पटाश्या. त्यांनी तोंडावरचा पंचा काढला. हळूच, बिचकत एक श्वास घेतला. मग मोठा घेतला. शीळ वाजली नाही. त्यांनी आपला तळवा लेथवर धरला आणि त्याच्यावरून जाणारी धुराची शेवटची रेघ बघत राहिले.

“आक्का,” ते म्हणाले. आईला नावानं हाक मारताना मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं. “वारा दिसतोय गं.”

पत्र्यापलीकडं बारकी कडबा खात होती. तिनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मास्क दिला, महिन्याभरानं परत यायला सांगितलं. आईनं तिचे नियम वेगळे लावले. बारीकसारीक चिरांपुरताच तो पातळ ग्लू, तोही पंखा चालू करून, तोंड लांब ठेवून. बाकी सगळीकडं फेविकॉल. “रात्रभर आवळून ठेवा. तुम्हाला कुठं गाडी पकडायचीया?” अण्णांनी ऐकलं. खिळ्याचा पट्टा मोटरवर चढला. घरात थोडा भुसा यायला लागला, आवाज यायला लागला, आणि रात्रीच्या जेवणाला लाकडाच्या गोष्टीही परत आल्या.

चौथा दांडा पुरा व्हायचा होता त्या दिवसाची ही गोष्ट. संध्याकाळी आई धार काढायला बसली, मी तिच्यामागं पायरीवर. पलीकडं लेथ चालू होतं, आणि पट्टा परत चढल्यापासून आज पहिल्यांदाच अण्णांनी चिरेत ग्लू सोडला होता. बारकी आज काय करते, हाच प्रश्न होता. ती अडली असती तर अण्णांनी पट्टा पुन्हा खिळ्याला अडकवला असता, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. आईनं कास धुतली, सडांना हात लावला. बारकीनं कान हलवले, एकदा मागं वळून बघितलं आणि पान्हा सोडला. चरवीत पहिली धार पडली. पत्र्याच्या ह्या बाजूला धारेचा आवाज, त्या बाजूला पटाशीचा. दोन्ही चालू.

मग मनात आलं ते विचारलं.

“आई, त्या दिवशी एवढ्या मिरच्या कशाला घेतल्या होत्यास?”

“दृष्टीला लागत्यात की.”

“मूठभर? आणि आत गोठ्यात? बारकीला तर तू बाहेर आणून बांधलं होतंस.”

धार चालू होती.

“आणि पहिलटकरणीनं बघायचं असतं, हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी न्हाई,” ती म्हणाली. “तीस वर्सं टर्नरची बायको हाय मी. लेथ रिकामं फिरतंय का भरलेलं, मला कळंना व्हय? रोज दुपारी रिकामं फिरायचं. मी हितं भांडी घासत ऐकत बसायचो. आता लागंल पटाशी, आता लागंल.” तिनं हात बदलला. “मी इचारलं असतं तर पट्टा सैल पडलाय म्हणाले असते. तुझ्यापुढं खोकला आला की लपवता येणार न्हवता. म्हणून खोकवलं त्यास्नी. पाप लागायचं तर लागू दे.”

ज्या बाईला मी आयुष्यभर भोळी समजत आले होते, ती पुढ्यात बसून धार काढत होती, केसांत भुसा, हाताला फेस.

तेवढ्यात पलीकडचा आवाज वर चढला. लेथ मोकळं झालं होतं. रिकामं गुणगुणायला लागलं.

आईचा हात थांबला. चरवीतला आवाज थांबला. आम्ही दोघी पत्र्याकडं तोंड करून बसलो. पलीकडून खोकला आला नाही, काहीच आलं नाही, नुसती मोटर. मी उठायला लागले तर आईनं मागं न बघता हातानं मला बसवलं.

मग पटाशी लाकडाला लागली. आवाज जड झाला, खाली उतरला आणि तिथंच राहिला.

आईचा हात परत सडावर गेला. चरवीत धार पडायला लागली.